शब्द फोडायला शिका : उपसर्ग, धातू आणि रोजच्या पाट्या

उपसर्गांचा तक्ता प्रत्येक व्याकरणाच्या पुस्तकात असतो. प्र म्हणजे अधिक, अप म्हणजे वाईट, वि म्हणजे विशेष, असं मुलं घोकत बसतात. मग ‘अपेक्षा’ समोर येते आणि तिच्यात वाईट काय ते कुणालाच सांगता येत नाही. ‘विसंगती’त विशेष काय, तेही कळत नाही. यात मुलांचा दोष नाही. उपसर्ग एकटा बोलतच नाही, तो धातूला, म्हणजे क्रियापदाच्या मुळाला, लागला की बोलतो. म्हणून क्रम उलटा करा. आधी धातू घ्या, त्याचं सगळं गोत गोळा करा, मग उपसर्गाचा अर्थ आपोआप हाती येतो.

स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांना, नर्सिंगला गेलेल्या मुलींना आणि इंग्रजी माध्यमात शिकून मराठी अवघड वाटणाऱ्या मुलांना मी हीच रीत सांगते. लागते फक्त एक दोनशे पानी वही आणि पाट्या वाचायची सवय. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला पाट्यांची वाण नाही. स्टेशनपासून घरापर्यंत सरकारी मराठी, दुकानांची मराठी, दवाखान्यांचं इंग्रजी आणि सोसायटीच्या फळ्यावरची मिश्र भाषा, सगळं ओळीनं भेटतं.

पहिली पायरी : शब्दाचं घराणं ओळखा

वहीचे चार भाग करा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द पहिल्या भागात, झिजून मराठी झालेले दुसऱ्या, फारसी-अरबी तिसऱ्या आणि इंग्रजीमार्गे आलेले ग्रीक-लॅटिन चौथ्या भागात.

घराणं आधी ठरवायचं कारण असं की एकच अक्षर दोन घराण्यांत दोन अर्थांनी नांदतं. ‘बेपत्ता’मधला बे फारसी, म्हणजे ‘शिवाय’. ‘बेचाळीस’मधला बे म्हणजे दोन. घोडबंदर रस्त्यावरच्या ‘दुभाजका’तला दु दोनाचा आहे, दुमजली आणि दुपदरीतलाही तोच. पण ‘दुकाळ’ आणि ‘दुबळा’ यांतला दु हा ‘दुष्काळ’ आणि ‘दुर्बल’ यांचा, म्हणजे वाईट किंवा उणा. नुसतं तोंड बघून कापलं तर दुकाळ म्हणजे दोन काळ होतील.

ओळखीच्या खुणा ढोबळ आहेत, पण कामाच्या आहेत. ऋकार, ष, क्ष, ज्ञ आणि दाट जोडाक्षरं दिसली तर बहुधा संस्कृत. कचेरी, कोर्ट, महसूल, फौज यांच्या भोवती वावरणारा शब्द बहुधा फारसी-अरबी. शेवटी ‘लॉजी’, ‘आयटिस’, ‘ग्राफी’ आलं तर ग्रीक.

दुसरी पायरी : एक धातू, एक पान

रोज दहा शब्द पाठ करण्यापेक्षा आठवड्याला एकच धातू घ्या. सुरुवातीला मी नेहमी ‘ईक्ष्’ देते. अर्थ साधा आहे : पाहणे. आता पानाच्या मधोमध ‘ईक्ष्’ लिहा आणि भोवती आठवतील तेवढे शब्द मांडा.

परि म्हणजे सभोवार. चारी बाजूंनी पाहणं ती परीक्षा. निर् लागून निरीक्षण, बारकाईनं पाहणं. सम् म्हणजे एकत्र, सगळं एकत्र धरून पाहणं ती समीक्षा. प्रति म्हणजे च्याकडे, वाटेकडे डोळे लावणं ती प्रतीक्षा. अधि म्हणजे वर, वरून देखरेख ठेवणारा अधीक्षक. अप म्हणजे दूर, लांबवर नजर लावून बसणं ती अपेक्षा. तक्त्यातल्या ‘वाईट’चा इथे संबंधच नाही. उपेक्षा मात्र रेंगाळून पाहण्याजोगी आहे. उप म्हणजे जवळ. जवळ असूनही नुसतं बघत राहायचं, हात लावायचा नाही, म्हणजे दुर्लक्ष.

परीक्षेच्या वर्गात फिरणारे पर्यवेक्षक फोडून बघा : परि + अव + ईक्षक. सभोवार आणि खाली बघणारा. त्यांनाच इंग्रजीत सुपरवायझर म्हणतात. सुपर म्हणजे वर, आणि वायझरमध्ये लॅटिनमधला ‘पाहणे’ हा धातू आहे. इन्स्पेक्टरमधला स्पेक्ट हाही पाहण्याचाच, इन म्हणजे आत. आत डोकावून पाहणारा तो निरीक्षक. सोसायटीचे अध्यक्षही याच कामाचे : अधि + अक्ष, वर असलेला डोळा. तोच अक्ष प्रत्यक्ष आणि समक्ष यांत आहे. कामावर नजर ठेवणाऱ्या माणसाला नाव देताना वेगवेगळ्या भाषांनी ‘वरून पाहणारा’ असाच विचार केला, हे एका पानावर दिसतं तेव्हा शब्द पाठ करावे लागत नाहीत.

तिसरी पायरी : सांधा उलगडा

या पायरीचा रोखीतला फायदा म्हणजे शुद्धलेखन. ‘परीक्षा’त री दीर्घ आणि ‘परिणाम’मध्ये रि ऱ्हस्व, हे लक्षात कसं ठेवायचं? ठेवायचंच नाही, फोडायचं. परि + ईक्षा, दोन इकार भेटले, दीर्घ झाला. परि + नाम, तिथे दुसरा इकारच नाही. तसंच प्रतीक्षा दीर्घ, प्रतिज्ञा ऱ्हस्व. अधीक्षक दीर्घ, अधिकारी ऱ्हस्व. ‘परिणाम’मधल्या ण चंही कोडं सुटतं. नम् धातूतला न, आधी परि किंवा प्र यांतला र आला की ण होतो : परिणाम, प्रणाम. प्रमाण आणि परिमाण यांतला ण तोच.

उपसर्गाच्या शेवटी इकार असून पुढे वेगळा स्वर आला तर य होतो. पर्यावरण म्हणजे परि + आवरण, रुग्णालयातलं प्रत्यारोपण म्हणजे प्रति + आरोपण, अत्यावश्यक म्हणजे अति + आवश्यक. उकार असेल तर व होतो, म्हणून सु + आगत चं स्वागत, अनु + एषण चं अन्वेषण. ‘उत्’ सगळ्यात रूप बदलणारा. उल्लेख, उच्छेद, उन्नती, उद्भव या चारांतही तो आहे, पुढच्या अक्षरासारखा होऊन बसतो.

एक पाटी मुद्दाम बघा. खाद्यपदार्थांच्या कितीतरी ठिकाणी ‘उपहारगृह’ लिहिलेलं असतं. उपहार म्हणजे भेटवस्तू. खाण्याची जागा ती उपाहारगृह, उप + आहार. मूळ जेवणाच्या खालोखालचं, थोडकं खाणं. एक काना हरवला की चहा-बटाटेवड्याच्या जागी भेटवस्तूंचं दुकान उभं राहतं.

चौथी पायरी : उपसर्गाचा अर्थ म्हणून दिशा लिहा

संस्कृत व्याकरणात उपसर्ग बावीस मोजतात : प्र, परा, अप, सम्, अनु, अव, निस्, निर्, दुस्, दुर्, वि, आ, नि, अधि, अपि, अति, सु, उत्, अभि, प्रति, परि, उप. निस् आणि निर् एकाच अर्थाचे, दुस् आणि दुर् तसेच, म्हणजे लक्षात ठेवायचे वीसच. मराठी पुस्तकं स्व, सह, कु यांनाही उपसर्गांत धरतात. परीक्षेत ते मान्य असतं, पण मूळ बावीसांत ते नाहीत एवढं ठाऊक असावं.

वहीत यांच्यापुढे ‘चांगला’, ‘वाईट’ असं न लिहिता दिशा लिहा. प्र पुढे, परा दूर किंवा उलट, अप बाजूला, सम् एकत्र, अनु मागोमाग, अव खाली, वि अलग, आ इकडे, उत् वर, अभि समोर, परि भोवती, उप जवळ. दिशा पक्की झाली की पुढचा अर्थ बहुतेक वेळा ओढत येतो. खालचं ते हलकं, म्हणून अवनती. बाजूला काढलेलं ते नकोसं, म्हणून अपमान.

संस्कृत शिकणाऱ्यांच्या तोंडी एक जुना श्लोक असतो :

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीनं दुसरीकडे नेतो, असं तो सांगतो. धातू ‘हृ’, नेणे. पुढे नेलेला हात तो प्रहार. आपल्याकडे आणलेलं ते अन्न, आहार. सगळं एकत्र ओढून संपवणं तो संहार. अलगद इकडेतिकडे जाणं तो विहार, ठाण्यातल्या ‘वसंत विहार’मधला. बाजूला सारणं तो परिहार. श्लोकाबाहेरचेही घ्या : पैशांचा अपहार, वि आणि अव असे दोन उपसर्ग लागलेला व्यवहार, आणि उत् + हार जोडताना ह चा ध झालेला उद्धार.

‘आ’कडे जास्त लक्ष द्या. जाण्याच्या आणि देण्याच्या धातूंना लागला की तो अर्थ उलटा फिरवतो. गमन म्हणजे जाणं, आगमन म्हणजे येणं. दान म्हणजे देणं, आदान म्हणजे घेणं.

ठाणे आणि नवी मुंबईच्या बातम्यांत रोज येणारा ‘अनधिकृत’ तीन कापांत उघडतो : अन् + अधि + कृत. नकाराचा नियम लिहून ठेवा. पुढे व्यंजन असेल तर अ (अशक्य, अयोग्य), स्वर असेल तर अन् (अनावश्यक, अनपेक्षित). हा नियम वहीच्या चौथ्या भागात पुन्हा भेटणार आहे.

पाचवी पायरी : फारसी-अरबी जोड

व्याकरणाची पुस्तकं याला दोन ओळी देतात. मला ते पटत नाही. सोसायटीचा फळा, पोलीस ठाणं, तहसील कचेरी, तिन्हीकडचा कारभार याच शब्दांवर चालतो.

नकाराचे चार प्रकार आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बे म्हणजे एखादी गोष्ट नसलेला : बेघर, बेवारस, बेहिशेबी. ना हा साधा नकार : नापसंत, नादुरुस्त, नाहरकत प्रमाणपत्र. गैर अरबी आहे, मूळ अर्थ ‘दुसरा, वेगळा’. मराठीत त्याला दोन छटा आल्या. गैरहजरमध्ये नकार, तर गैरवापरात अयोग्यपणा. गैरवापर म्हणजे वापर न करणं नव्हे, वाईट वापर करणं. बिन मात्र फारसी नव्हे. त्याचं नातं संस्कृत विनाशी आहे : बिनविरोध, बिनव्याजी, बिनशेती, बिनपगारी.

याखेरीज सर म्हणजे डोकं, प्रमुख : सरदार, सरहद्द, सरन्यायाधीश. संस्कृत शिरस् याच कुळातला. बद म्हणजे वाईट, कम म्हणजे थोडा, दर म्हणजे प्रत्येक (दरमहा, दरडोई). शेवटी लागणारे तुकडे तितकेच महत्त्वाचे. दार म्हणजे धारण करणारा, संस्कृत धृ चा नातेवाईक : दुकानदार, तहसीलदार, हवालदार. खाना म्हणजे जागा : दवाखाना, कारखाना. नामा म्हणजे लेख : करारनामा, जाहीरनामा.

मराठीची खरी ताकद मिश्र जोडांत दिसते. सरपंचात सर फारसी आणि पंच संस्कृत. पंचनामाही तसाच. ‘नापास’मध्ये फारसी ना ला इंग्रजी पास जोडला. सोसायटीच्या फळ्यावरचा थकबाकीदार तर तीन घरचा : थकणे मराठी, बाकी अरबी, दार फारसी. अशा शब्दांना कुणी अशुद्ध म्हटलं तर मनावर घेऊ नका. जोड नवा शब्द जन्माला घालते तेव्हा भाषा जिवंत असते. टेलिव्हिजनसुद्धा असाच मिश्र आहे, टेली ग्रीक आणि व्हिजन लॅटिन.

सहावी पायरी : झिजलेले उपसर्ग

इथे थोडक्यात. बोलून बोलून संस्कृत उपसर्ग झिजले आणि वेगळे दिसू लागले. प्रति चा पड झाला : पडसाद, पडजीभ. नि मराठीत सर्रास नकार दाखवतो : निकामी, निनावी, निलाजरा. अव वाईटाकडे झुकतो : अवकाळी, अवदसा, अवलक्षण. आड आणि भर आपले घरचे : आडवाट, आडनाव, भरधाव, भरदिवसा.

सातवी पायरी : दवाखान्याच्या पाट्या

ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर डॉक्टरांच्या पाट्या सलग वाचत चला. नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड, न्यूरॉन म्हणजे मज्जातंतू. नेफ्रॉलॉजिस्ट आणि न्यूरॉलॉजिस्ट यांच्या नावांत अक्षरांचा फरक थोडा, कामात जमीन-अस्मानाचा. कार्डिया हृदय, हेपार यकृत, डर्मा त्वचा, हायमा रक्त, आर्थ्रॉन सांधा. शेवटी आयटिस आलं की दाह, म्हणून आर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांचा दाह. शेवटी एक्टॉमी आलं की कापून काढणं.

तपासणीच्या कागदावर हायपर आणि हायपो यांत गल्लत होऊ देऊ नका. हायपर म्हणजे वर, जास्त. हायपो म्हणजे खाली, कमी. हायपोग्लायसेमिया सुटा करा : हायपो कमी, ग्लायक गोड, एमिया रक्तातलं. रक्तातली साखर कमी. शब्द उलगडला म्हणजे निदान झालं असं नव्हे, पण डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो.

आता वहीचा पहिला भाग शेजारी ठेवा. हायपर आणि संस्कृत उपरि, हायपो आणि उप, ही सख्खी भावंडं आहेत. परि आणि पेरी, प्र आणि प्रो, दुस् आणि डिस्, अंतर् आणि लॅटिन इंटर यांचंही तेच. परिमिती आणि पेरिमीटर यांचे तर दोन्ही तुकडे जुळतात. उपनगर आणि सबर्ब यांची घडण एकच : उप आणि सब, नगर आणि अर्ब्स. ग्रीकमध्येही नकाराचा अ स्वरापुढे अन् होतो, म्हणून अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्ताची उणीव. आपला अनधिकृत त्याच नियमानं चालतो. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं, ते अशाच साम्यांवरून.

या कुळाचा सगळ्यात जवळचा पुरावा आपल्या ठाणे स्टेशनातच आहे. कोकणात पूर्वी राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या लेखांत या गावाचं नाव श्रीस्थानक असं येतं, त्याचं झिजून ठाणे झालं. धातू ‘स्था’, उभं राहणं. लॅटिनमधला त्याचा भाऊ ‘स्टेशन’मध्ये आहे आणि फारसीतला ‘हिंदुस्तान’च्या स्तानमध्ये. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी इथे आली तेव्हा त्या फलाटावर एकच धातू दोन रूपांनी उभा होता : गावाच्या नावात आणि स्टेशनात.

पण सारखं दिसतं ते सगळं भावंड नसतं. मुलांच्या डॉक्टरांच्या पाटीवरचा पीडि ग्रीक आहे, अर्थ मूल. पार्लरच्या पेडिक्युअरमधला पेडि लॅटिन, अर्थ पाय. आपला पाद आणि पायजम्यातला फारसी पाय त्याचे भाऊ. मग ऑर्थोपेडिकमध्ये पाय असेल ना? नाही, तिथे मूलच आहे. ऑर्थो म्हणजे सरळ. निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्यानं १७४१ साली मुलांच्या शरीरातले बाक सरळ करण्याच्या विद्येला हे नाव दिलं. संस्कृतातही असे चकवे आहेत. अपमान, अभिमान, सन्मान यांतला मान मन् धातूचा, विचार करणे. अनुमान, परिमाण, विमान यांतला मा धातूचा, मोजणे.

आठवी पायरी : शेजाऱ्यांना विचारा

मूळ एक असूनही अर्थ भाषेगणिक सरकतो. नेरुळ-वाशीच्या इमारतींत हे तपासणं सोपं, एका मजल्यावर चार मातृभाषा असतात. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. उपन्यास हिंदीत कादंबरी, कन्नडमध्ये व्याख्यान. उप + नि + अस्, जवळ मांडून ठेवणं, हा मूळ अर्थ दोन्हींना पुरतो. कन्नड माणूस कादंबरीला आपल्यासारखं कादंबरीच म्हणतो. राजीनामा मराठीत नोकरी सोडण्याचा, हिंदीत तडजोडीचा, कारण राजी म्हणजे संमत. नुसत्या धातूवरून परभाषेत अर्थ ठोकून देऊ नका.

नववी पायरी : कोशात पडताळा

फोड बरोबर आहे का, याची एक कसोटी आहे. उपसर्ग काढल्यावर उरलेला तुकडा त्याच अर्थानं दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडतो का? ‘सरस’मधून सर काढला तर उरलेला स कुठेच उभा राहत नाही, फोड स + रस अशी आहे. ‘पराधीन’मध्ये परा नाही, पर + अधीन आहे.

मग कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शब्दाचं घराणं खुणेनं सांगतो आणि तो इंटरनेटवर मोफत बघता येतो. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश आणि सविस्तर अर्थासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. ठाणेकरांना १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे चौकशी करा. गावांच्या नावांची फोड मात्र सगळ्यात शेवटी करा. त्यांच्याभोवती दंतकथा फार असतात, आणि जुना लेख हाती असल्याशिवाय, जसा ठाण्याच्या बाबतीत आहे, काहीही ठामपणे सांगता येत नाही.

पहिल्या आठवड्यासाठी ईक्ष्, पुढे हृ, स्था, कृ, भू, गम्, वद् आणि मा, या क्रमानं जा. कृ ला दोन आठवडे द्या, त्याचं गोत फार मोठं आहे. त्यातच ‘ईकरण’ भेटेल : रुंदीकरण, नूतनीकरण, निर्जंतुकीकरण. आधी जे तसं नव्हतं ते तसं करणं, हा अर्थ त्या ई मध्ये आहे. आणि रस्त्यावरच्या ‘काँक्रिटीकरण’ या पाटीवर इंग्रजी शब्दाला तोच ई आणि तोच कृ जोडलेला आहे. हा शब्द वहीच्या कोणत्या भागात लिहायचा, ते मुलांना ठरवू द्या. माझ्याकडे यावर दर वर्षी वाद होतो आणि दोन्ही बाजूंना चांगले मुद्दे सुचतात.